पडवीतले डास: आमच्याकडे काय लागू पडलं

एकाच पडवीत बसलेल्या चौघांपैकी एकालाच डास फोडून काढतात, त्याला ‘गोड रक्त’ कारण नाही. डास आधी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगतो, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि घामातलं लॅक्टिक अ‍ॅसिड. त्यामुळे धिप्पाड माणसं, गरोदर बायका आणि बागेतून घामेजून आलेले जास्त सापडतात. गडद कपडेही त्याला चटकन दिसतात.

खरा इलाज घराभोवती. पोफळीची गळलेली विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचं रुंद बूड, उचलून बघा: खोलगट बुडाशी वाटीभर पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या, पन्हळीत अडकलेला पाला, फ्रिजमागचा ट्रे, सगळीकडे हेच. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी फेरी मारायचीच. पिंप नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने आतून घासा. विहिरीत गप्पी मासे सोडा, पण ओढ्याला जोडलेल्या पाण्यात नकोत, तिथले स्थानिक मासे मागे पडतात. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला नायलॉनची जाळी बांधा. हे हमखास राहून जातं.

अंगाला २० ते ३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, उघड्या त्वचेवरच. घोटे विसरू नका. घाम आला की पुन्हा लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नको, त्याला मच्छरदाणीच. ती दुपारीही हवी, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.