वकील न लावता संशोधक ग्रीन कार्डचा अर्ज: गावाकडच्या कागदांपासून सुरुवात

अमेरिकेतील विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत कायम स्वरूपाच्या पदावर असलेल्या संशोधकासाठी संस्थेने ग्रीन कार्ड मागण्याचा जो मार्ग आहे, त्याला 'ईबी-१बी' म्हणतात. यात 'पर्म' नावाचे श्रम खात्याचे प्रमाणपत्र लागत नाही, म्हणजेच जागेची जाहिरात देऊन पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे सिद्ध करावे लागत नाही. सगळा भर संशोधकाच्या कामावर आणि त्याच्या पुराव्यावर असतो, आणि ते काम संशोधकाइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. त्यामुळे वरुड, आर्वी, पुसद किंवा चिमूरकडच्या खेड्यांतून शिकून तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हा अर्ज वकिलाविना करण्याचा विचार अवश्य करावा, असे माझे मत आहे.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. या मार्गात अर्जदार आपण नसून आपली संस्था असते. 'आय-१४०' या संस्थेने करायच्या मूळ अर्जावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते आणि संशोधकाला तो स्वतःच्या नावाने दाखल करता येत नाही. म्हणून सर्वप्रथम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला किंवा मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे की बाहेरचा वकील न घेता अर्ज करण्यास संस्थेची हरकत आहे काय, आणि सही कोण करील. काही संस्था केवळ ठरलेल्या वकिलांमार्फतच अर्ज करतात. तसे असेल तर विषय तिथेच संपतो. संस्था तयार असेल, तर सरकारी पत्रे थेट संस्थेच्या पत्त्यावर येतात, त्यामुळे ती त्याच दिवशी आपल्याला कळवली जातील अशी व्यवस्था संबंधित कर्मचाऱ्याशी बोलून ठेवावी.

बहुतेक लोक यानंतर अर्जाचा नमुना उघडून बसतात. माझा आग्रह असा की त्याआधी गावाकडे फोन लावावा. जन्माचा दाखला 'आय-१४०' साठी लागत नाही, पुढच्या 'आय-४८५' या, संशोधकाने स्वतः प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मागण्याच्या अर्जासाठी लागतो. पण संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि अमेरिकेत बसून मिळवता न येणारा कागद तोच आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण आईच्या माहेरी होण्याची रीत असल्यामुळे, ज्या गावात आपण वाढलो त्या ग्रामपंचायतीत नोंद नसते, तर मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा ज्या रुग्णालयात जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे असते. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. त्याच्याकडून नोंदवहीतील मूळ नोंद शोधून घ्यावी आणि त्या नोंदीत बाळाचे नाव भरलेले आहे की जागा कोरी आहे, हे सर्वांत आधी पाहावे. कोरी असेल तर नाव समाविष्ट करून घेण्याचा अर्ज तिथेच करावा.

नोंदच नसेल, तर दोन वाटा राहतात. पहिली वाट विलंबाने नोंद करण्याची आहे. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेलेले असेल तर कायद्यानुसार त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. दुसरी वाट म्हणजे नोंद आढळून येत नाही असा दाखला निबंधकाकडून घेणे आणि त्याला पूरक पुरावा जोडणे. वाट कोणतीही घेतली तरी पूरक पुरावा लागतोच असे समजून चालावे, कारण तिशी-पस्तिशीत केलेल्या नोंदीपेक्षा जन्माच्या जवळच्या काळात तयार झालेल्या कागदाला तिकडचा अधिकारी अधिक महत्त्व देतो. पहिल्या इयत्तेत नाव घातले त्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र हे यासाठी उपयोगी पडतात. ज्या घरांत जात पडताळणी झालेली आहे, तिथे दाखल-खारीजचा उतारा त्या फाइलमध्ये बहुधा सापडतो. शिवाय जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या व्यक्तींची, उदाहरणार्थ मामी आणि मोठी मावशी यांची, प्रतिज्ञापत्रे घ्यावीत. त्यांत त्यांची स्वतःची जन्मतारीख व जन्मस्थान, पत्ता, आपल्याशी नाते, आपली जन्मतारीख, जन्मस्थान, आईवडिलांची नावे आणि ही माहिती त्यांना कशी ठाऊक आहे, हे सर्व असावे. या बायका वयाने थकलेल्या असतात. तालुक्याला नेऊन सही घेण्याचे काम पुढे ढकलू नये.

आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि नावांचा क्रम यांकडेही लक्ष द्यावे. एका कागदावर वानखडे, दुसऱ्यावर वानखेडे, शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, आईचे नाव कुठे माहेरचे तर कुठे सासरचे, असे आपल्याकडे सर्रास घडते. फरक असलेले सर्व कागद नमूद करून ती एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. केवळ मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, शिक्का आणि समासातील शेऱ्यासकट. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण या दोन्ही भाषांत सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकार लागत नाही. इंग्रजी चांगले असलेले गावचे शिक्षकही हे करू शकतात. स्वतःच्या कागदांचे भाषांतर स्वतः न केलेले बरे.

आता मूळ अर्जाकडे येऊ. नियमानुसार तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आपल्या विद्याशाखेत आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता, त्या शाखेत किमान ३ वर्षांचा अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव, आणि कायम स्वरूपाच्या पदाचा प्रस्ताव. पदवीसाठी शिकताना केलेले संशोधन अनुभवात धरायचे असेल, तर ती पदवी मिळालेली असावी लागते आणि ते संशोधन त्या क्षेत्रात उत्कृष्ट मानले गेलेले असावे लागते. नागपूर किंवा अकोल्याच्या संस्थेत एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून काम केले असेल, तर तिथून कामाचे स्वरूप, तारखा आणि पूर्णवेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले अनुभवपत्र संस्थेच्या लेटरहेडवर मागवावे. 'समाधानकारक काम केले' अशा एका ओळीच्या पत्राने काहीही साधत नाही.

मान्यतेसाठी सहा निकषांपैकी किमान दोन पूर्ण करावे लागतात: मोठे पुरस्कार, उत्कृष्ट कामगिरीवरच सदस्यत्व देणाऱ्या संस्थांचे सदस्यत्व, आपल्या कामाविषयी इतरांनी व्यावसायिक प्रकाशनांत लिहिलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक संशोधनाचे योगदान, आणि आंतरराष्ट्रीय प्रसार असलेल्या नियतकालिकांतील लेख किंवा ग्रंथ. आपल्या बहुतेक संशोधकांचा भर शेवटच्या तीनवर असतो. पण दोन निकषांवर खूण झाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे नाही; त्यानंतर अधिकारी सर्व पुरावा एकत्र धरून, ही व्यक्ती खरोखरच आंतरराष्ट्रीय पातळीवर उत्कृष्ट म्हणून ओळखली जाते काय, याचा निर्णय करतो. अर्ज फसतात ते बहुधा या दुसऱ्या पायरीवर, कारण अर्जदाराने कागदांचा ढीग दिलेला असतो, अर्थ सांगितलेला नसतो.

समजा, वरुडच्या संत्रापट्ट्यातली एक मुलगी फ्लोरिडात सिट्रस ग्रीनिंग या रोगावर संशोधन करते. तिने शाखा 'कृषी' अशी मोघम न लिहिता 'वनस्पती रोगशास्त्र' अशी लिहावी. तिच्या लेखांना किती संदर्भ मिळाले हे सांगून थांबू नये. कोणत्या देशांतील कोणत्या गटांनी तिची पद्धत प्रत्यक्ष वापरली, हे त्यांच्या लेखांतील ती वाक्ये ठळक करून दाखवावे, आणि त्याच शाखेत त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या इतर लेखांशी तुलना द्यावी. परीक्षणासाठी संपादकांची निमंत्रणे पुरत नाहीत, परीक्षण पूर्ण केल्याची पोचही लागते. शिफारसपत्रांत मार्गदर्शकाचे एखादेच असावे. तिच्यासोबत कधीही काम न केलेल्या, पण तिचे काम वापरलेल्या तज्ज्ञांची पत्रे अधिक उपयोगी पडतात. सर्व पत्रांची भाषा एकसारखी दिसली तर त्यांचे वजन घटते, म्हणून प्रत्येक तज्ज्ञाला मुद्दे द्यावेत, तयार मजकूर देऊ नये.

प्रस्तावपत्र संस्थेने संशोधकाला लिहिलेले असावे. सरकारला उद्देशून नंतर लिहिलेले पत्र त्याची जागा घेत नाही. नेमणूक दरवर्षी नूतनीकरणाची असेल, तर काम पुढे चालू ठेवण्याचा संस्थेचा इरादा आणि निधी मिळत राहण्याची वाजवी अपेक्षा कागदोपत्री दाखवावी. अर्ज करणारी संस्था खासगी कंपनी असेल, तर तिच्याकडे किमान ३ पूर्णवेळ संशोधक आणि संशोधनातील नोंदलेली कामगिरी असावी लागते. पगार देण्याच्या क्षमतेसाठी वार्षिक अहवाल, करविवरण किंवा लेखापरीक्षित ताळेबंद जोडतात. १०० किंवा अधिक कर्मचारी असतील तर वित्त अधिकाऱ्याचे निवेदन चालू शकते.

अर्जाच्या भाग २ मध्ये १.ब हा रकाना निवडावा. २०२४ पासून 'आय-१४०' चे शुल्क ७१५ डॉलर आहे आणि त्यावर आश्रय कार्यक्रमाचे ६०० डॉलर वेगळे भरावे लागतात. २५ किंवा कमी कर्मचाऱ्यांच्या संस्थेला ३०० डॉलर, तर ना-नफा संस्थेला ते माफ आहे. शुल्क आणि नमुन्याची आवृत्ती बदलत असते, म्हणून पाठवण्याच्या दिवशी 'यूएससीआयएस' या अमेरिकी स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही पुन्हा पाहावे. अधिक पुरावा मागणारे पत्र आले, तर कमाल ८४ दिवस मिळतात आणि उत्तर एकदाच, सर्व कागदांसह द्यायचे असते.

'आय-१४०' दाखल झाल्याची तारीख हीच आपली अग्रक्रम तारीख, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख होते. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-१ मध्येही रांग आहे. ती अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावी. आधी ईबी-२ या दुसऱ्या नोकरी-आधारित वर्गातला 'आय-१४०' मंजूर झालेला असेल, तर त्याची जुनी तारीख वापरता येते, आणि जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्या देशाची रांगही धरता येते. तारीख आली की 'आय-४८५' भरावा, त्यासोबत नेमून दिलेल्या डॉक्टरांचा सीलबंद वैद्यकीय अहवालही द्यावा. हा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यानंतर त्याच किंवा तत्सम स्वरूपाच्या कामावर नोकरी बदलता येते.

जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू असेल, पूर्वी अर्ज नाकारला गेला असेल, कधी अटक झाली असेल किंवा व्हिसाची मुदत उलटून राहिले असाल, तर मात्र पैशांकडे न पाहता वकील घ्यावा. गावाकडे किंवा शहरात 'आमची तिकडे ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला एकही मूळ कागद देऊ नये. आणि या काळात अमेरिकेत घर बदलले, तर नवा पत्ता १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला कळवावा.