घरच्या रेकॉर्डिंगसाठी डिस्क निवडताना

आधी हिशेब करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचा एक मोनो (एकाच चॅनलचा) ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. १६ ट्रॅक तासभर चालले तर सव्वाआठ जीबी. वेग लागतो सेकंदाला जेमतेम अडीच एमबी, म्हणजे ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) साधी हार्ड डिस्कही पुरते. अडतं ते सॅम्पल लायब्ररीपाशी, म्हणजे वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या साठ्यापाशी. पियानोचे शेकडो तुकडे एकदम वाचताना फिरत्या डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत राहतं आणि आवाज तुटतो. म्हणून सॅम्पल आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर; साटा जोडणीची चालेल, त्याहून वेगवान एनव्हीएमईचा हट्ट नको. एसएसडी गच्च भरू नका. १५-२० टक्के मोकळी ठेवा, नाहीतर लिहिण्याचा वेग पडतो. फिरती डिस्क बॅकअपला उत्तम, फक्त माइकपासून लांब. तिची घरघर तानपुऱ्यात मिसळते.