जुनी अमेरिकन मसल कार घेताना आणि जपताना या चुका टाळा

१९७० च्या शेव्हर्ले शेव्हेलवर ‘एसएस ४५४’चा (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट) बिल्ला लावायला अर्धा तास पुरतो. बॉनेटवरचे पट्टे एक-दोन दिवसांत रंगवून होतात आणि ४५४ क्युबिक इंचाचं इंजिन नंतरच्या काळातल्या एखाद्या जुन्या ट्रकमधून मिळतं. चेसिस नंबर पाहून खातरजमा करावी म्हटलं, तर तो काहीच सांगत नाही. कारण त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबू या शेव्हेलच्याच श्रेणीवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. साधी व्ही-८ मालिबू असो किंवा ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-६ इंजिनाची गाडी, दोघींचा नंबर १३६ नेच सुरू होतो. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मिशिगन, इलिनॉय, न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि अशी एखादी मसल कार, म्हणजे साध्या गाडीच्या अंगात दांडगं इंजिन बसवलेली गाडी, दारात उभी करायची मनापासून इच्छा असणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. या गाड्या मुळातच मोजक्या. क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडची १९७० ची हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या इंजिनाची) कुडा हार्डटॉप ६५२ बनल्या आणि कन्व्हर्टिबल अवघ्या १४. ॲल्युमिनियम इंजिनाची शेव्हर्ले कॅमारो झेडएल-१ तर १९६९ मध्ये फक्त ६९. या घराण्यातल्या कित्येक गाड्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्ट्यावर, पिदडल्या गेल्या, काहींची इंजिनं वॉरंटीतच बदलली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना कुणी विचारेना. आणि मिडवेस्टमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने उरलेल्यांचा पत्रा खाल्ला. त्यामुळे आज शाबूत असलेल्या गाडीवर कारखान्याची जी काही खूण शिल्लक आहे, ती मोलाची. दुःखाची गोष्ट ही, की ती खूण बऱ्याचदा गाडीवर जीव लावणारा मालकच स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

एका कंपनीचं गणित दुसरीला लावणं

शेव्हेलचा नंबर १९७० मध्ये गप्प बसतो, म्हणून तो नेहमीच गप्प असतो असं समजू नका. १९६६ ते ६८ या काळात एसएस ३९६ स्वतंत्र मॉडेल होतं आणि त्याचा नंबर १३८ ने सुरू होई. १९६७ ची एसएस म्हणून दाखवलेल्या गाडीचा नंबर १३६ ने सुरू होत असेल, तर पुढचं बोलणंच नको. पाँटिॲक जीटीओची गोष्टही अशीच वर्षावर अवलंबून. १९६४ आणि ६५ मध्ये ती ले मान्स या मॉडेलवरचं पॅकेज होती. १९६६ पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर २४२ ने सुरू होऊ लागला.

क्रायस्लरच्या गाड्यांत मात्र नंबर घडाघडा बोलतो. ‘बीएस२७आर१बी’ हे घ्या. पहिला बी बॅराकुडाचा, एस म्हणजे कुडा ही दमदार श्रेणी, २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे ४२६ हेमी इंजिन, १ म्हणजे १९७१ आणि शेवटचा बी मिशिगनमधल्या हॅमट्रॅमक कारखान्याचा. या अक्षरांनी नंबर सुरू होणाऱ्या एका गाडीला २०१४ मध्ये सिॲटलच्या मेकम लिलावात ३५ लाख डॉलर मिळाले. १९७० किंवा ७१ च्या गाडीत पाचव्या जागी आर नसेल, तर बॉनेटखाली अस्सल हेमी धडधडत असली तरी ती कारखान्यातून निघालेली हेमी गाडी नव्हे.

म्हणूनच इथली लबाडीही वेगळ्या तऱ्हेची. शेव्हर्लेत इंजिन बदलतात, क्रायस्लरमध्ये थेट नंबर बदलतात. सडून गेलेल्या हेमी गाडीची डॅशवरची नंबरपट्टी काढायची आणि धडधाकट साध्या गाडीवर बसवायची. असा माल ओळखायचा तर पट्टीचे रिव्हेट पाहा. कारखान्याचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या नक्षीचे असतात, साधे गोल नसतात. मग १९६८ नंतरच्या गाडीत रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, डिकीच्या रबराखालच्या कडेवर, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेले नंबर एकेक करून वाचा. विकणारा रबर उचलू देत नसेल तर सौदा तिथेच सोडा. नंबरशी खेळणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. अशी गाडी तुम्ही प्रामाणिकपणे घेतली असली तरी जप्त होऊ शकते, आणि मग पैसाही जातो, गाडीही जाते.

कॅमारो आणि मस्टँगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही वर्षांच्या मॉडेलांचे अख्खे नवे सांगाडे आज विकत मिळतात. ते बनवण्यात गैर काहीच नाही, चांगली सोय आहे. पण त्यावर जुनी नंबरपट्टी चढली की ती गाडी १९६९ ची राहत नाही. मस्टँगमध्ये नंबर पुढच्या मडगार्डखाली आतल्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. १९६९ च्या कॅमारोत नंबरचा काही भाग फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), हीटरच्या पेटीमागे सापडतो. मडगार्ड सैल करायला मेकॅनिकला एखादा तास लागेल, तेवढा द्या.

‘मॅचिंग नंबर्स’ ऐकलं की विरघळणं

जाहिरातीत सर्वात स्वस्त झालेला शब्द हाच. इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळतो, एवढाच त्याचा अर्थ. तो नंबर कारखान्याने ठोकला की गेल्या वर्षी कुणीतरी गॅरेजात, हे त्यातून कळत नाही.

इथे तारखा कामाला येतात. समजा, १९७० ची एलएस-६ शेव्हेल समोर उभी आहे. फायरवॉलवरच्या बॉडी प्लेटवर ‘०३बी’ आहे, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोर बोटभर सपाट जागा असते. तिथे ‘टी०२१८सीआरव्ही’ असं ठोकलेलं आहे. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा इंजिन कारखाना, ०२१८ म्हणजे १८ फेब्रुवारी, सीआरव्ही म्हणजे फोर-स्पीड गिअरबॉक्सची एलएस-६. इथवर सगळं छान. आता ब्लॉकच्या अंगावर ओतकामातच उमटलेली तारीख शोधा. ‘बी ९ ०’ असेल तर ९ फेब्रुवारी १९७०. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली, असा क्रम बसतो. पण तिथे ‘डी १४ ०’ असेल, तर तो ब्लॉक १४ एप्रिलला ओतलेला आहे. मार्चमध्ये बनलेल्या गाडीत एप्रिलचा ब्लॉक जाणार कसा? पितळ उघडं पडतं ते इथे.

त्याच सपाट जागेवर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. कारखान्यात ब्लॉकचा माथा सपाट करताना उठलेल्या बारीक, समांतर रेषा पुढून मागे गेलेल्या दिसायला हव्यात. ती जागा आरशासारखी गुळगुळीत असेल, किंवा रेषा आडव्यातिडव्या असतील, तर तिथे नंतर कुणाचा तरी हात फिरला आहे. कधी त्यामागे लबाडी असते, कधी साधं इंजिनकाम. मात्र दोन्हीत पुरावा गेलेलाच असतो, आणि तेवढी किंमत कमी करून घेणं रास्त आहे.

उलट, त्या जागेवर ‘सीई’ ही अक्षरं दिसली म्हणून नाक मुरडू नका. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्स वॉरंटीत बदलून दिलेल्या इंजिनावर ही अक्षरं ठोकायची. पहिल्या मालकाने गाडी दामटली, इंजिन गेलं, कंपनीने दुसरं दिलं, हा त्या गाडीचा खरा इतिहास आहे. नव्याने ठोकलेल्या ‘जुळणाऱ्या’ नंबरपेक्षा मी अशा गाडीला कधीही वरचं स्थान देईन.

कागद न वाचता कागदावर भरवसा

गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार जुळवून पाहतो, तीच सवय इथे ठेवा. फोर्डसाठी १९६७ पासूनची माहिती मार्टी ऑटो वर्क्सकडे आहे. कंपनीच्याच नोंदींवरून ते मार्टी रिपोर्ट देतात, त्यात रंग, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं येतं. पाँटिॲकसाठी पीएचएस ही संस्था मूळ बिलाची प्रत देते, म्हणून १९६५ च्या जीटीओचा नंबर गप्प असला तरी अडत नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हर्लेसाठी अशी नंबरवार सोय नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी मात्र जनरल मोटर्सच्या तिथल्या शाखेने जपल्या. हे लक्षात आलं की शेव्हर्लेच्या बाजारात बनावट एसएस एवढ्या का, याचं कोडं सुटतं.

मग उरतो बिल्ड शीट. कारखान्यात कामगारांसमोर असायचा तो हा कागद. तो कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी गालिच्याखाली सापडतो. तो सापडल्याच्या आनंदात लोक नंबर ताडून पाहायचं विसरतात. कामगार हे कागद हाताला येईल त्या गाडीत कोंबत, त्यामुळे शेजारच्या गाडीचा कागद तुमच्या गाडीत निघणं अगदी शक्य आहे. कोरा करकरीत कागद आणि त्यावर हवं तेच सगळं, असं दिसलं तर शंका घ्याच.

सगळं काढून चकचकीत करणं

माझ्या मते सर्वात मोठी चूक ही, कारण ती परत फिरवता येत नाही. गाडी हातात आली की पहिल्या आठवड्यात सगळी खोलायची, सांगाडा सँडब्लास्ट करायचा, खालून-वरून नवा रंग चढवायचा. फायरवॉलवर तपासनिसाने मेणखडूने काढलेली खूण, प्रॉपेलर शाफ्टवरचे रंगाचे पट्टे, कारखान्यात उडालेल्या रंगाचे शिंतोडे, दाराच्या आतल्या बाजूची ओघळ, हे सगळं एका दुपारीत नाहीसं होतं. ही गाडी कशी बनली, हे सांगणाऱ्या याच खुणा होत्या. तिथल्या हौशी लोकांत एक वाक्य रूढ आहे: गाडी ओरिजिनल एकदाच असते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कॅमेरा घ्या. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, खालून सुद्धा. रंगाची जाडी मोजायच्या गेजने ती मोजा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या जागी आकडा हजारावर गेला तर खाली पुट्टी आहे आणि पुट्टीखाली बहुधा गंज. मूळ रंग ८० टक्के टिकला असेल तर तो फिका असला तरी राहू द्या, फक्त गंजाची जागा दुरुस्त करा. विनाइल छताच्या गाडीत मागच्या काचेखालची कड आणि डिकीचा तळ आधी तपासा. पाणी तिथेच मुरतं.

इंजिन उघडायचंच असेल, तर मशीन शॉपला लेखी सांगा की नंबरच्या जागेला हात लावायचा नाही. माथा सपाट करायचं काम सांगितलं की कारागीर सवयीने ती जागाही घासून टाकतो आणि सीआरव्हीसारखी अक्षरं क्षणात जातात. बदललेला कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर भंगारात देऊ नका. त्यांच्यावरही तारखा आहेत. खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या मालकाला त्यांची गरज पडेल.

चालवताना

गाडी उभी ठेवून टिकत नाही, पण आजचं तेल आणि पेट्रोल तिच्यासाठी बनलेलं नाही. या इंजिनांतले सपाट तळाचे टॅपेट कॅमवर घासत चालतात आणि त्यांना तेलात जस्त-फॉस्फरसचं मिश्रण लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी नव्या तेलांत ते कमी केलेलं आहे. साधं नवं तेल घातलं तर कॅमचे उंचवटे झिजतात, आणि टपटप आवाज आला म्हणजे उशीर झालेला असतो. क्लासिक गाड्यांसाठी मिळणारं जास्त जस्ताचं तेलच वापरा.

एलएस-६ चं कॉम्प्रेशन ११.२५ आहे. पंपावरच्या ९१ किंवा ९३ ऑक्टेनवर जोर दिला की इंजिन खटखट करतं, आणि त्या खटखटीत पिस्टन फुटतात. आधी टायमिंग थोडं मागे घ्या, गरज पडल्यास पेट्रोलमध्ये रेसिंग फ्युएल मिसळा. इथेनॉलचं पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहू देऊ नका, ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खातं. गाडी झाकून ठेवण्याआधी इथेनॉल नसलेलं पेट्रोल काठोकाठ भरा, त्यात स्टॅबिलायझर घाला आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ इंजिन चालू ठेवा.