फौजेचं वय कसं मोजायचं?

महूची लष्करी छावणी इंदूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे आपल्याकडे चहावर फौजेचा विषय निघतोच. ‘अमुक देश म्हातारा झाला, आता लढणार कोण?’ असं कुणी म्हणालं की आधी हिशेब मागा.

एकूण लोकसंख्या आणि सरासरी वय बाजूला ठेवा. अठरा वर्षांपूर्वीचे जन्म घ्या, निम्मे मुलगे धरा, सक्तीच्या सेवेच्या काळाने गुणा. दक्षिण कोरियात 2006 साली सुमारे 4.5 लाख मुलं जन्मली. मुलगे सव्वादोन लाख, भूदलातली सेवा 18 महिने (दीड वर्ष). म्हणजे एका वेळी फार तर 3.4 लाख जवान. 2023 चे जन्म फक्त 2.3 लाख. ती पिढी वयात येईल तेव्हा हाच आकडा 1.7 लाखांवर घसरेल, आणि वैद्यकीय चाचणीत बाद होणारे अजून वजा करायचेच आहेत. कायम नोकरीतले मात्र वेगळे मोजा. हमखास चूक होते ती इथेच.

भरती ऐच्छिक असेल तर हा गुणाकार चालत नाही. तिथे वयोमर्यादा पाहा: जपानने ती 2018 मध्ये 26 वरून 32 केली.

भारतात भरतीच्या रांगा मोठ्याच आहेत, म्हणून इथे वयाचा भार पेन्शनमध्ये पाहा. 2025-26 च्या 6.81 लाख कोटींच्या संरक्षण तरतुदीत 1.61 लाख कोटी पेन्शनचे. सगळं खापर वाढत्या आयुर्मानावर फोडू नका. वन रँक वन पेन्शनही (सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखीच पेन्शन) त्यात आहे.

‘माणसं नसली तरी अणुबाँब आहे ना!’ हे अर्धंच खरं. अमेरिकेच्या ओहायो वर्गातल्या 14 अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांवर प्रत्येकी सुमारे 155 जणांचे दोन ताफे आलटून-पालटून जातात; सगळे मिळून साडेचार हजारही नाहीत. पण बाँब चौकीवर पहारा देत नाही. शिवाय तो टिकवायला जाणते हात लागतात. ‘डब्ल्यू 76’ या अमेरिकी अण्वस्त्रातला ‘फॉगबँक’ नावाचा पदार्थ 1989 नंतर बनवणं थांबलं. पुन्हा करायला घेतला तेव्हा जाणकार निवृत्त झालेले, नोंदी तुटपुंज्या. नव्या पद्धतीने कच्चा माल जास्त स्वच्छ झाला आणि पदार्थ बिघडला, कारण जुन्या मालातली एक अशुद्धीच गरजेची होती, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

म्हणून अण्वस्त्रधारी देशाबद्दल तीन गोष्टी तपासा: येत्या दहा वर्षांत कोणत्या कामातले किती जण निवृत्त होणार, त्यांच्या हाताखाली आज कुणी शिकतंय का, आणि नोंदींत कृतीबरोबर तिचं कारणही लिहिलंय का.