खुर्चीतल्या गिऱ्हाइकाशी मत कसं बोलावं

सलूनमध्ये नवीन पोरगा कामाला आला की मशीनचे नंबर त्याला लगेच कळतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, ते मात्र त्याला कुणी शिकवत नाही. "काल बघितलंस का रे?" असं खुर्चीतून आलं की एक पोरगा "हो ना" म्हणून गप्प होतो, दुसरा कात्री हवेत धरून भाषण सुरू करतो. दोघांचंही गिऱ्हाईक पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात दिसतं. आमच्या सांगलीत मत विचारणं कटिंगमध्येच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणून माझ्या कारागिरांना जे सांगत आलोय ते एकदा लिहून काढलं. कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर बोलणाऱ्यांनाही हे चालेल. त्यांचं एवढंच बरं, की त्यांच्या हातात वस्तरा नसतो.

आधी वेळ बघा

गालाला फेस लागला की प्रश्न विचारायचा नाही. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि फेस ओठात जातो. वस्तरा हनुवटीखाली असताना हसवायचं नाही, आणि वाद तर अजिबात काढायचा नाही. गळ्याशी पातं असताना कुठलाही माणूस "तुझं बरोबर आहे" असंच म्हणतो, त्या होकाराला काही किंमत नाही.

मत बोलायची खरी वेळ म्हणजे मशीन बंद करून कात्री हातात घेतल्यापासून पावडर मारेपर्यंतची. बोलताना लक्ष केसांवर ठेवा, आरशात अधूनमधून नजर टाका. भुवया वर गेल्या तर वाक्य तिथंच आवरा. कपाळाला आठी पडली तर "पाणी मारू का जरा?" म्हणून स्प्रे उचला. आणि बाकावर कोण बसलंय तेही बघून घ्या. खुर्चीतलं एक गिऱ्हाईक खूश करताना बाकावरची चार दुखावणं हा तोट्याचा धंदा आहे.

मॅचवर बोलायचं असेल तर

निकाल तेवढा माहीत असेल तर मत देऊ नका, विचारा. "शेवटच्या ओव्हर बघितल्या का तुम्ही?" एवढं म्हटलं तरी माणूस खुलतो, आणि तुम्हाला पुढच्या गिऱ्हाइकापुरतं कळतंही. रील बघून मॅचवर बोलणारा लगेच ओळखू येतो. त्याला सिक्स आठवतात, डॉट बॉल आठवत नाहीत.

मॅच पाहिली असेल तर ती कुठं फिरली ते ओव्हरच्या हिशेबात सांगता येतंय का बघा. २९ जून २०२४ ची टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची बार्बाडोसची फायनल घ्या, दक्षिण आफ्रिकेशी झालेली. जो बसतो तो सूर्यकुमारच्या कॅचपासून सुरू करतो. कॅच अफाटच होता, त्याबद्दल प्रश्न नाही. पण तो विसाव्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला आला आणि त्या ओव्हरला आफ्रिकेला १६ हवे होते. आता मागं जा. अक्षरच्या पंधराव्या ओव्हरमध्ये २४ निघाले, तिथं समीकरण झालं ३० बॉलला ३०. विकेट सहा शिल्लक. सोळावी बुमरानं टाकली, ४ दिले. सतराव्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला हार्दिकनं क्लासेन काढला, पुन्हा ४. अठरावी बुमरा, यानसेनचा दांडा उडाला, रन फक्त २. एकोणिसावी अर्शदीप, ४. म्हणजे कॅचच्या आधीच्या २४ बॉलमध्ये आफ्रिकेला १४ रन मिळाले होते. माझं मत असं, की मॅच बुमराच्या अठराव्या ओव्हरनं आणली आणि सूर्यानं ती पडू दिली नाही. हे कुणाला पटत नाही, चालतं. पण असं ओव्हर धरून बोललं की समोरचाही ओव्हर धरूनच उत्तर देतो. आवाज आपोआप खाली येतो आणि डोकं हलायचं थांबतं. आमच्या कामात डोकं न हलणं फार महत्त्वाचं.

हरलेल्या मॅचला हे जास्त लागतं. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, ऑस्ट्रेलियाशी वनडे वर्ल्ड कपची फायनल. त्या आठवड्यात दुकानात एकच वाक्य फिरत होतं: "राहुलनंच घालवली ओ!" १०७ बॉलमध्ये ६६, फोर एकच. आकडा खराच आहे. अशा वेळी "नाही, तसं नाही" म्हणून सुरुवात करू नका. "तो आला तेव्हा किती झाले होते?" असं विचारा. ८१ वर ३, अकरावी ओव्हर चालू. रोहित गेलेला, लागोपाठ श्रेयस गेलेला. तिथून फटके मारत तो १३० ला आउट झाला असता, तर याच खुर्चीत बसून लोकांनी त्याला अक्कल नाही म्हटलं असतं. शिवाय २४० वाचवताना आपण त्यांचे ४७ वर ३ काढलेच होते. नंतर हेडनं १३७ मारले, त्यात राहुलचा काय संबंध? तो संथ खेळला हे मान्य. पण मॅच त्यानं घालवली असं मी म्हणणार नाही.

गावच्या खेळाडूबद्दल बोलताना एक सांभाळावं लागतं. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, पण वाढली आमच्या माधवनगरला, त्यामुळं आम्हाला तिच्यात खोट दिसतच नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत बायकांनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा दुकानात पेढे आले आणि जो तो स्मृतीचंच बोलत होता. तिच्या ४५ रन आणि शफालीबरोबरची १०४ ची सलामी, मोठंच काम. तरी मी पोरांना सांगितलं, पेढा खाताना दीप्ती शर्माचं नाव आधी घ्या. ५८ रन करून वर ५ विकेट. आणि शफाली तर मूळ टीममध्येही नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि ८७ मारून दोन विकेटही घेऊन गेली. आपल्या माणसाचं कौतुक दुसऱ्यांची नावं घेऊन केलं की बाहेरगावचं गिऱ्हाईकसुद्धा मान डोलावतं.

बाहेरगावचं म्हणजे आणखी एक. सांगलीचं दुकान कळलं की काही जण खेळाडूंच्या घरातल्या गोष्टी विचारतात. स्मृतीच्या कव्हर ड्राइव्हबद्दल काय ते विचारा, असं म्हणायचं आणि मानेवरचे केस झाडायचे.

मत बदललं तर बदललं म्हणायला लाजू नका. आमच्याकडं एक रिटायर्ड मास्तर येतात. बायकांच्या त्याच वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं तेव्हा मास्तर म्हणाले, योग्य केलं, टीम नावावर चालत नाही. ३० ऑक्टोबरला तिनं ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७ केले, ३३९ चं टार्गेट पार झालं. पुढच्या दाढीला मास्तर आले आणि बसता बसता म्हणाले, "बसवलं तेव्हाचं माझं मत तेव्हाच्या रनांवर होतं. आता रन बदलले." बाकावरचे हसले, पण मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून पोरांना सांगतो, मत देताना ते कशावर उभं आहे तेही सांगून टाका, म्हणजे खालचं सरकलं की वरचं काढून घेता येतं.

टीव्ही आणि पिक्चर

इथं भांडण बहुतेक वेळा मापावरून असतं, माणसावरून नसतं. बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन सूरज चव्हाणनं जिंकला, ऑक्टोबर २०२४ ला. अर्धं दुकान नाचत होतं, अर्धं म्हणत होतं, अभिजीत सावंत असताना हा कसा? मी एकच विचारलं: "कुठल्या मापानं?" गाण्याच्या मापानं असेल तर प्रश्नच मिटला. घरातला खेळ समजण्याच्या मापानं असेल तर वाद घाला, त्यात मजा आहे. पण कार्यक्रमाचं स्वतःचं माप लोकांची मतं हेच होतं, आणि त्या मापानं सूरज जिंकला. "मतांना काय अर्थ आहे!" असं एक गिऱ्हाईक तावातावानं म्हणालं. त्यांना आठवण करून दिली, की अभिजीत २००५ ला पहिला इंडियन आयडॉल झाला तोही लोकांच्या एसएमएसवर. तेव्हा आपण सगळ्यांनी त्याच मतांचं कौतुक केलं होतं. गिऱ्हाईक थोडा वेळ गप्प बसलं आणि मग म्हणालं, कलम जरा बारीक ठेव.

पिक्चरबद्दल फार नाही सांगायचं. शेवट सांगू नका, बाकावरच्या कुणीतरी तिकीट काढलेलं असतं. "बकवास" हा शब्द वापरू नका, कुठला भाग कंटाळवाणा वाटला ते सांगा. अर्ध्यात उठून आला असाल तर तेही सांगा.

बातमीवर बोलताना गाठोडं सोडा

बातमीतला वाद चिघळतो, कारण एका वाक्यात दोन-तीन प्रश्न एकत्र बांधलेले असतात. ते आधी वेगळे करा.

सांगली-कोल्हापूरकडं कुस्तीचं उदाहरण लगेच समजतं. २०२५ ची महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला झाली. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत पंचानं राक्षे चितपट झाला असा निकाल दिला, आणि राक्षेनं पंचाला लाथ मारली. दुकानात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, पाठ टेकलीच नव्हती. दुसरी म्हणे, पंचाला लाथ मारणारा कसला पैलवान? दोघं एकमेकांवर ओरडत होते, पण बोलत होते वेगवेगळ्या प्रश्नांवर. पाठ टेकली का, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर कॅमेरा कुठल्या बाजूला होता त्यावर अवलंबून, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या एका क्लिपवरून मी तो सोडवणार नाही. लाथ योग्य का, हा दुसरा, आणि त्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. निकाल चुकला असला तरी लाथ चूकच. असं वेगळं करून ठेवलं तेव्हा दोन्ही पार्ट्यांना निम्मं निम्मं बरोबर असल्याचं समाधान मिळालं आणि दोघांच्याही दाढ्या झाल्या.

नांदणीच्या हत्तिणीचं प्रकरण यापेक्षा अवघड गेलं. महादेवी म्हणा, माधुरी म्हणा. जुलै २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशानं तिला शिरोळ तालुक्यातल्या मठातून जामनगरला अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात नेलं. नांदणी, जयसिंगपूरकडची माणसं आमच्याकडं येतात. त्या आठवड्यात त्यांच्यातली काही डोळे पुसत बसली होती. एक जण खुर्चीत बसून रागारागानं मोबाईलचा नंबर अंबानींच्या जिओतून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करत होता, त्याला दोनदा "हलू नका" म्हणावं लागलं. त्याच दिवशी एक कॉलेजची पोरगी धाकट्या भावाला कटिंगला घेऊन आली होती. ती म्हणाली, हत्ती साखळीत ठेवायचा प्राणीच नाही.

अशा वेळी काय बोलायचं? मी तीन प्रश्न केले. हत्तिणीच्या तब्येतीला काय बरं, हा पहिला. तिच्या पायांचं, सांध्यांचं दुखणं कोर्टात मांडलं गेलं होतं. तो प्रश्न जनावरांच्या डॉक्टरांचा आहे, न्हाव्याचा नाही. गावाचं तिच्यावरचं प्रेम खरं का, हा दुसरा. ते प्रेम मला त्या माणसांच्या तोंडावर दिसत होतं, त्यासाठी कुठला कागद बघायची गरज नव्हती. तिसरा प्रश्न असा, की इतक्या वर्षांचं नातं तोडताना गावाशी नीट बोलणं व्हायला हवं होतं की नको? यावर माझं मत आहे आणि मी ते सांगितलं: व्हायलाच हवं होतं. जवळपास उपचाराची सोय करून बघता आली असती. पोरगीसुद्धा म्हणाली, हे चालेल. पण पहिल्या प्रश्नावर ती हटली नाही. हटावं असं मलाही वाटलं नाही. नांदणीच्या आण्णांनी तिच्याकडं आरशातून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, तू तिला केळं खायला घातलं असतंस तर असं बोलली नसतीस." पोरगी म्हणाली, "काका, घातलं असतं तर अजून जोरात बोलले असते." मी मध्ये पडलो नाही. दोघंही नीट बोलत असतील तर कारागिरानं कात्री चालू ठेवायची.

आता निवडणूक. नगरसेवकापासून दिल्लीपर्यंत कुणाला मत दिलं ते सांगायचं नाही, समोरच्याला विचारायचं नाही. मात्र "मला राजकारणातलं कळत नाही" असंही म्हणायचं नाही, ते खोटं वाटतं. गल्लीतला रस्ता, पाणी किती वाजता येतं, पुराच्या वेळी कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला किती फुटांवर होतं, यावर बिनधास्त बोला. तिथं तुम्ही जे बघितलंय ते टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्यांनी बघितलेलं नसतं. गिऱ्हाईक फारच मागं लागलं तर "तुमचं काय म्हणणं?" विचारा आणि ऐका. त्याला तुमचं मत नकोच असतं बहुतेक.

जाता जाता टीव्हीचं. रिमोट काउंटरच्या आत ठेवा. मॅच नसेल तेव्हा बातम्यांचं चॅनेल आवाज बंद करून लावा, खालच्या पट्ट्या वाचता येतात तेवढं पुरे. शनिवारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा पेपर पूर्ण वाचून काढा, खेळाच्या पानापासून सुरुवात केली तरी चालेल. रविवारी बाक भरलेला असतो, त्या दिवशी वाचायला वेळ मिळत नाही आणि विचारणारे सगळ्यात जास्त असतात.