शेणखत आणि जमिनीची घडण: काळ्या रानात काय करावे, काय तपासावे

शेणखताची किंमत आपल्याकडे बहुधा युरियाच्या पोत्याशी तोलली जाते आणि मग ते महाग ठरते. ही तुलना मला मुळातच मान्य नाही, कारण शेणखत आणि कंपोस्ट जमिनीची घडण बदलतात, आणि ते काम कोणत्याही पोत्यातल्या खताने होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल अशा भेगा पडतात. पहिले पाऊस या भेगांतून खोल जातात. पण एकदा भेगा मिटल्या आणि वरची माती विरघळून लिंपल्यासारखी बसली, की पुढचे पाणी बांधाकडे वाहते. रब्बीची मालदांडी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढत असल्याने हे वाहून गेलेले पाणी थेट उत्पन्नातून वजा होते.

सेंद्रिय पदार्थ कुजत असताना जीवाणूंची चिकट द्रव्ये आणि बुरशीचे तंतू मातीचे कण एकत्र बांधून त्यांचे पाण्यात टिकणारे रवे तयार करतात. रव्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी मुरते, मुळांना हवा मिळते, मातीची घनता उतरते आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लवकर येतो. सांगोल्याकडच्या मुरमाड रानात मात्र मुख्य लाभ ओल धरण्याचा असतो. भारी जमिनीत पाणी धरण्याची ताकद आधीच असते, तिथे पाणी आत शिरणे महत्त्वाचे.

आपल्या रानाची स्थिती घरीच पाहता येते. रानातले एक आणि बांधावरच्या गवताखालचे एक, अशी सुपारीएवढी दोन पूर्ण वाळलेली ढेकळे घेऊन स्वच्छ पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडावीत. पाच मिनिटांत रानातले ढेकूळ ढासळून चिखल झाले आणि बांधावरचे बऱ्याच अंशी शाबूत राहिले, तर नांगरटीने आणि सेंद्रिय पदार्थाच्या कमतरतेने काय गमावले ते डोळ्यांसमोर दिसते. पाणी कित्येक तास गढूळच राहिले, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, होत असण्याची शक्यता असते. तेव्हा केवळ शेणखतावर न थांबता माती परीक्षण करून जिप्समची मात्रा ठरवावी.

खत पूर्ण कुजलेलेच वापरावे. ढीग सावलीत ठेवून, ओल राखून आणि एक-दोनदा उलटून साधारण तीन-चार महिन्यांत ते तयार होते. शेणाचा वास गेलेला असावा, रंग काळपट असावा, आणि मूठ आवळल्यावर हात ओलसर व्हावा पण पाणी गळू नये. कच्च्या शेणातून हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी रानात येते, तर काडीकचरा अर्धवट कुजलेला असल्यास तो कुजवणारे जीवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र काही काळ अडकवून ठेवतात.

कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी 5 टन, म्हणजे एकरी सुमारे 2 टन, ही नेहमीची शिफारस आहे. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या पाळीआधी खत पसरून त्याच दिवशी कुळवाने वरच्या 10 ते 15 सेंटिमीटर थरात मिसळावे. मे महिन्यात रानात ढिगांच्या रांगा आठवडाभर उन्हात पडलेल्या दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्यातले नत्र हवेत जाते आणि खत वाळून निर्जीव होते. धनगरांच्या मेंढ्या बसवल्या असतील, तर लेंडी-मूत्र सुकण्याआधीच कुळव फिरवावा.

आपल्याकडच्या उष्णतेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने संपतो, त्यामुळे पाच वर्षांतून एकदा भरमसाट टाकण्यापेक्षा दरवर्षी थोडे टाकणे मी योग्य मानतो. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर रानात घातला, तर खताने बांधलेले रवे चाकाखाली पुन्हा दडपले जातात. पहिल्या वर्षी फरक अगदी थोडा दिसेल. म्हणून रानाचा एक पट्टा खताविना राखावा आणि दर उन्हाळ्यात दोन्हीकडची ढेकळे शेजारी शेजारी पाण्यात सोडून पाहावीत.