जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करताना या चुका टाळा

जानेवारी 2023 मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात ‘21 गन सॅल्यूट’चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून बडोद्यातली बरीच तरुण मंडळी जुन्या टू-सीटर गाड्यांबद्दल विचारायला येतात. कुणाच्या हाती ट्रायम्फ ही इंग्लिश गाडी लागलेली असते, तर कुणाला आजोबांच्या वेळची, इंग्लिशच एमजी शेडमधून बाहेर काढायची असते. सुरुवातीला उत्साह असतो, मग कटकट सुरू होते आणि गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: “पार्ट मिळत नाहीत हो.”

मला हे पटत नाही. एमजीचं एमजीबी हे मॉडेल 1962 पासून 1980 पर्यंत बनत होतं आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. इंग्लंडमध्ये तिचे बहुतेक सुटे भाग, अगदी नवाकोरा बॉडीशेलसुद्धा, आजही मिळतो. पैसे लागतात, कस्टममध्ये वेळ जातो, पण मिळतं. गाड्या अडकतात त्या निदान न करता हात घातल्यामुळे. बिघाड एक असतो, उघडलेल्या जागा पाच असतात आणि मग कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी चालवून बघा आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावा. खालची उदाहरणं माझ्याकडच्या 1965 च्या एमजीबीवरून दिली आहेत, पण त्या काळच्या बहुतेक इंग्लिश गाड्यांना ती लागू पडतील.

गाडी बंद पडली की थेट कार्ब्युरेटर उघडणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. मे महिन्यात दुपारी गाडी अलकापुरीपर्यंत नीट येते, सिग्नलला गचके खाते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. मिस्त्री म्हणतो, “कार्ब्युरेटरमां कचरो छे, साहेब, थई जशे.” दोन्ही एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) खोलले जातात, पेट्रोलचे जेट हलतात, दोघांचा मेळ बिघडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा तिथेच उभी.

गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर चालू होणं, हे लक्षण बहुतेकदा इग्निशनचं असतं. गाडी बंद पडलेली असतानाच, तिथल्या तिथे, स्पार्क बघा. कॉइलची मधली वायर डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतून काढा, इन्सुलेशन असलेल्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर, जाड आणि कडाडून पडली तर इग्निशन ठीक. पिवळी, बारीक पडली किंवा पडलीच नाही, तर आधी कंडेन्सर (डेल्कोतल्या पॉइंटना जोडलेला छोटा डबा) बदला. उष्णतेने आतून फुटणारा कंडेन्सर थंड झाला की पुन्हा काम करतो, म्हणूनच तो सापडत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक चांगला कंडेन्सर, पॉइंटचा (स्पार्कसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) सेट आणि रोटर कायम ठेवा. पॉइंटचा गॅप 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण 0.38 मिलिमीटर. फीलर गेजने मोजूनच लावा. हॅक्सॉच्या पात्याने अंदाज घेण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे, ती मान्य करू नका.

स्पार्क चांगला असेल तरच पेट्रोलकडे वळा, आणि तेही कान लावून. चावी फिरवली की मागे बॅटरीपाशी बसवलेला एसयूचा पंप टिक-टिक करतो, कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोलच्या वाट्या) भरले की थांबतो. काहीच आवाज आला नाही, तर त्याचे पॉइंट चिकटलेत किंवा अर्थिंग सुटलंय. न थांबता भराभर टिकटिकत राहिला, तर टाकीकडच्या पाइपमधून तो हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी आहे. इंजिन बंद असताना मधूनमधून एखादी टिक आली, तर फ्लोटच्या नीडलमधून पेट्रोल निसटतंय. पाना हातात न घेता एवढं कळतं.

एसयूचा आणखी एक छळ म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर मरगळते. त्यावर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) फिरवत बसतात. आधी कार्ब्युरेटरवरची काळी टोपी उघडून डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) तेल आहे का ते बघा. साधं 20 ग्रेडचं इंजिन ऑइल, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापासून अर्धा इंच वर. बहुतेक वेळा ते कोरडं सापडतं.

मिलिमीटरचे पाने

मकरपुऱ्यातल्या कुठल्याही गॅरेजात मिलिमीटरचा सेट असतो. एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट इंचातले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्याला 13 चा पाना कसाबसा चालतो. पण 9/16 इंच म्हणजे 14.3. त्याला 14 चा बसत नाही, म्हणून 15 चा लावतात. पाना घसरतो आणि बोल्टचं डोकं गोल होतं. मग व्हाइस ग्रिप, मग छिन्नी, मग तुटलेला स्टड आणि ड्रिल. एका नटापायी हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायची वेळ आलेली मी पाहिली आहे. इंची पान्यांचा एक सेट विकत घ्या आणि गाडीसोबत गॅरेजात पाठवा. एमजी टीसीसारखी त्याआधीची गाडी असेल तर व्हिटवर्थचा (जुन्या इंग्लिश मापाच्या पान्यांचा) सेट लागतो, तो वेगळा.

मिस्त्री निवडताना चकचकीत वर्कशॉप बघू नका. ज्याने ॲम्बेसेडरवर उमेदवारी केली तो माणूस शोधा. पेट्रोल ॲम्बेसेडरचं 1489 सीसी इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसी इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. स्ट्रोक दोन्हीचा 88.9 मिलिमीटर, फक्त बोअर मोठा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कसे लावायचे, हेड कोणत्या क्रमाने आवळायचं, हे त्या माणसाच्या हातात असतं. प्रतापनगरकडे असे वयस्क मिस्त्री अजून सापडतात. त्यांना मान द्या, काम चालू असताना शेजारी बसा आणि शिका. ही विद्या त्यांच्यासोबत संपू नये असं मला फार वाटतं.

आजचं पेट्रोल आणि कालचं रबर

पंपावर आता सर्रास 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, नंतर ते ठिसूळ होतं आणि त्याचे काळे कण थेट फ्लोट चेंबरमध्ये जातात. कॉर्कच्या पॅकिंगचीही तीच गत. गरम एक्झॉस्टजवळ पाइप पाझरला तर गाडी पेटू शकते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप ‘एसएई जे30 आर9’ हे मानक छापलेले घ्या. नुसतं ‘फ्युएल पाइप’ म्हणून मीटरवर मोजून विकलं जाणारं रबर घेऊ नका.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून महिनोन्महिने टाकीत पेट्रोल साठवू नका. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिक्श्चर पातळ पडतं. एसयूच्या जेटचा नट एकेक फ्लॅट, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा, खाली घेत जा. तपासायला कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याच्या पिनने अगदी किंचित उचला. इंजिन मंदावलं किंवा बंद पडलं तर मिक्श्चर पातळ, वेग वाढून तसाच राहिला तर जाड, जरासा वाढून खाली आला तर बरोबर.

शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट शिशाच्या आधारावर टिकायच्या. टॅपेटचा गॅप वारंवार कमी होत असेल, तर हेड उतरवाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या. नुसता गॅप लावत राहणं हा उपाय नाही.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

“आपल्या उन्हाळ्यात त्याची काय गरज?” असं म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढतात. मग हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, तेलात पाणी आणि गाळ साचतो, झीज वाढते, आणि उन्हाळ्यात गाडी तापायची ती तापतेच, कारण दोष वेगळीकडे असतो. 74 अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते बघा.

दोष बहुधा गाळाचा असतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या इंजिनात क्षार आणि गंज ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरभोवती बसतो. ब्लॉकच्या मागच्या बाजूचा ड्रेन उघडा. काहीच आलं नाही तर पाणी नाही असं समजू नका. आत वायर घालून टोचा, आधी विटकरी चिखल येईल आणि मग पाणी सुटेल. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. रेडिएटर नवा घेण्याचा विचार त्यानंतर.

बॅटरी उलटी लावणं

1967 पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. नवा मुलगा सवयीने निगेटिव्ह जोडतो आणि वायरिंग जळण्याची वेळ येते. बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘पॉझिटिव्ह अर्थ’ रंगवून घ्या. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावू नका.

ब्रेक जाम होतात म्हणून कॅलिपर बदलणं

सगळ्यांत गंभीर चूक शेवटी सांगतो. पुढचं एक चाक चालताना तापतं, गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) चिकटला म्हणून महागडा कॅलिपर मागवला जातो आणि तोच त्रास पुन्हा होतो. खरा दोषी अनेकदा वीतभर रबरी होज असतो. तो बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून बंद झालेला असतो. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, पाय काढला तरी परत येत नाही.

तपासायला गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. ब्रेक दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर कॅलिपरवरचा ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित ढिला करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता हे नक्की; तरीही जाम राहिलं तर कॅलिपरच. आता निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा-सोडा, आणि या वेळी होजच्या आधीचा, पत्र्याच्या पाइपचा जोड ढिला करा. इथे चाक मोकळं झालं तर दोष मास्टर सिलिंडरकडे (ब्रेक पेडलला जोडलेला पंप), नाही झालं तर होज. कॅलिपर न खोलता हे ठरतं.

होज नेहमी सगळे एकदम बदला. बाकी सगळीकडे एका वेळी एकच गोष्ट म्हणतो, इथे नाही. या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं भरा, कारण तेही ओलावा शोषतं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा: 3214 म्हणजे 2014 चा 32 वा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर हायवेला जाऊ नका.

आणि ऑगस्टमध्ये गाडी कुठे उभी आहे तेही बघा. 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा सखल भागातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. तुमची सोसायटी नदीकाठी असेल, तर जूनमध्येच उंचावरच्या नातेवाइकाकडे जागा मागून ठेवा. गाडी बुडालीच, तर सेल्फ मारू नका. आधी बॅटरीची वायर काढा, मग प्लग काढून सिलिंडर रिकामे करा, आणि इंजिन, गिअरबॉक्स व मागच्या ॲक्सलचं तेल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.